भाग बदलण्याआधी मशीनला विचारा

जुना डेस्कटॉप स्लीपमध्ये जातो पण उठत नाही. किंवा स्लीपमध्ये जातच नाही. किंवा मध्यरात्री कुणी हात न लावता चालू होतो. या तिन्ही तक्रारी दुकानात नेल्या की उत्तर साधारण एकच मिळतं: "फॉरमॅट मारून बघू." त्याने भागलं नाही की पुढचं: "मदरबोर्ड गेलाय, आता यात पैसे घालू नका." या दोन वाक्यांच्या मध्ये जी तपासणी व्हायला हवी ती राहूनच जाते आणि चांगलं चालणारं मशीन भंगारात जातं. माझ्या मशीनवर ही वेळ येऊन गेली. ते आजही रोज चालतंय. त्या सगळ्या प्रकारातून जे हाती लागलं ते, जुन्या संगणकावर ज्यांचं पोट आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मी सांगलीत घरातूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कवितासंग्रह, दिवाळी अंकांची पानं. मशीन २०१२ सालचं आहे: इंटेलचा आय-थ्री, एच-६१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर-थ्री रॅम. नवं का घेत नाही, असं लोक विचारतात. माझ्याकडच्या कितीतरी फायली पेजमेकरमधल्या आहेत, आणि पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. त्या फायलींतले फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, आणि ते चालायला यूएसबीत डोंगल लागतं. ही सगळी घडी ज्या मशीनवर नीट बसली आहे ते गेलं, तर जुन्या गिऱ्हाइकांच्या पुस्तकांची नवी आवृत्ती काढणं मुश्कील होऊन बसेल. म्हणून ते टिकवणं मला गरजेचं वाटतं.

काय घडलं

पावसाळा होता. एका संस्थेच्या वार्षिक अहवालाच्या दुरुस्त्या घालून मशीन स्लीपमध्ये ठेवलं आणि बाजारात गेले. आल्यावर कीबोर्डवर बोट ठेवलं तर पंखा फिरला, पुढचा दिवा लागला, पण स्क्रीन काळीच. बराच वेळ थांबून शेवटी बटण दाबून धरलं आणि मशीन बंद केलं. परत चालू केल्यावर विंडोज पहिल्यापासून सुरू झाली. उघडी फाइल गेली, दुपारभराच्या दुरुस्त्या गेल्या.

त्यानंतर हे होऊ लागलं, पण रोज नाही. कधी मशीन व्यवस्थित उठायचं, कधी काळ्या स्क्रीनवर अडकायचं, कधी एक क्षण पंखा फिरून बंद व्हायचं आणि आपोआप नव्याने सुरू व्हायचं. असा अधूनमधून दिसणारा बिघाड सगळ्यात जास्त छळतो. दुकानात न्यावं तर तिथे सगळं सुरळीत.

पहिल्या दुरुस्तीत विंडोज पुन्हा टाकली गेली. घरी आणून बघते तर स्टार्ट मेनूत स्लीप हा पर्यायच नाही. "काकू, जुन्या मशीनला आता स्लीप येत नाही, सरळ बंदच करत जा," असं उत्तर मिळालं. दुसऱ्या ठिकाणी मदरबोर्ड गेल्याचं निदान झालं आणि नव्या मशीनची किंमत कागदावर लिहून मिळाली. ही दोन्ही निदानं चुकीची होती. ती का चुकीची होती हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

स्लीपमध्ये नेमकं काय होतं

डेस्कटॉप स्लीपमध्ये जातो तेव्हा प्रोसेसर, डिस्क, पंखे, ग्राफिक्स यांची वीज तोडली जाते. वीज चालू राहते ती रॅमला, कारण उघड्या फायली, प्रोग्राम, सगळं तिथे असतं. रॅम म्हणजे गळका माठ. सतत पाणी घालत राहिलं तरच भरलेला राहतो. तिच्या प्रत्येक कप्प्यातला विद्युतभार काही क्षणांत ओसरतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो नव्याने भरावा लागतो. झोपेतही हे काम थांबत नाही.

त्यासाठी लागणारी वीज येते एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, एका स्वतंत्र भागातून. याला स्टँडबाय म्हणतात: ५ व्होल्टची एक तार, रंग जांभळा. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत हा भाग जागाच असतो, मशीन बंद असलं तरी. म्हणजे एसएमपीएसचा सगळ्यात जास्त तास राबलेला भाग हाच. मशीन चालू असताना काम दुसऱ्या तारांवर चालतं, त्यामुळे स्टँडबाय अशक्त झाला तरी दिवसभर काहीच जाणवत नाही. तो उघडा पडतो तो फक्त झोपेत. "दिवसभर तर छान चालतंय" म्हणून वीजपुरवठ्यावर संशयच घेतला जात नाही, तो यामुळे.

या झोपेचे नियम एसीपीआय नावाच्या मानकात आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते डिसेंबर १९९६ मध्ये आणलं. त्यात झोपेच्या पायऱ्यांना क्रमांक आहेत. एस-१ मध्ये डुलकी, पंखे बहुतेक चालूच. एस-३ म्हणजे आपली नेहमीची स्लीप, वीज फक्त रॅमला. एस-४ म्हणजे हायबरनेट: रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद. एस-५ म्हणजे साधं शटडाउन. एस-३ आणि एस-४ मधला फरक पक्का लक्षात ठेवा, कारण निदानाची मोठी किल्ली त्यात आहे.

पहिलं काम: तक्रार नेमकी करा

"स्लीपचा प्रॉब्लेम आहे" एवढं सांगून कुणालाच काही कळत नाही. न झोपणं, आपोआप उठणं आणि झोपल्यावर न उठणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणं वेगळी, शोधायच्या जागा वेगळ्या. पहिल्या दोन तक्रारींत दोष बहुतेक सेटिंगमध्ये किंवा एखाद्या प्रोग्राममध्ये असतो. पैसे लागत नाहीत. तिसरीतच ड्रायव्हर, बायोस किंवा सुटा भाग यांच्यापर्यंत जावं लागतं.

मशीनला विचारायची सोय विंडोजमध्येच आहे. कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा. तिथे पॉवरसीएफजी ही आज्ञा चालते. पॉवर हा पूर्ण शब्द आणि त्याला लागून सीएफजी ही तीन अक्षरं, सगळं इंग्रजीत टाइप करायचं. मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि पुढचा शब्द. खाली मी या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

सुरुवात "पॉवरसीएफजी /ए" ने करा. या मशीनवर झोपेच्या कोणत्या पायऱ्या उपलब्ध आहेत आणि ज्या नाहीत त्या का नाहीत, हे ती सांगते. माझ्या मशीनवर फॉरमॅटनंतर स्लीप गायब झाली तेव्हा याच आज्ञेने कारण दाखवलं: ग्राफिक्सचा ड्रायव्हर स्लीपला आड येतो आहे. विंडोज नव्याने टाकल्यावर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसला नव्हता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेखाली "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर" असं नाव दिसत होतं. या कामचलाऊ ड्रायव्हरवर स्क्रीन दिसते, काम होतं, पण स्लीप मिळत नाही. योग्य ड्रायव्हर टाकून रीस्टार्ट केल्यावर स्लीप मेनूत परत आली. जुन्या मशीनला स्लीप येत नाही, हे कारण तिथेच निकालात निघालं.

झोपतच नसेल तर

ठरलेली मिनिटं उलटून गेली तरी मशीन जागंच राहत असेल, तर "पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स" द्या. कोणता प्रोग्राम किंवा ड्रायव्हर मशीनला जागं ठेवतोय त्याचं नाव समोर येतं. ओळखीच्या एका छापखान्यात हा त्रास होता. तिथे उत्तर आलं की नेटवर्कवरचं दुसरं मशीन इथल्या फायली वापरतंय. शेजारच्या खोलीतल्या संगणकावर शेअर केलेला फोल्डर दिवसरात्र उघडा असायचा. तो संध्याकाळी बंद करायची शिस्त लावल्यावर तक्रार संपली. कधी ब्राउझरमध्ये मागे चालू राहिलेला व्हिडिओ असतो, कधी आवाजाचा ड्रायव्हर असतो. यादीत काहीच नसेल तर माउसकडे बघा. गुळगुळीत सनमायकाच्या टेबलावर किंवा काचेवर ऑप्टिकल माउसचा बाण कधी कधी स्वतःहून थरथरतो, आणि मशीनला वाटतं की कुणीतरी काम करतंय. खाली माउसपॅड घाला.

आपोआप उठत असेल तर

मशीन रात्री उठलेलं दिसलं की दुसरं काही करायच्या आधी "पॉवरसीएफजी /लास्टवेक" द्या. शेवटचं कुणी उठवलं ते कळतं. आणखी मागचं बघायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम निवडा आणि "पॉवर-ट्रबलशूटर" या नावाच्या, क्रमांक १ च्या नोंदी शोधा. प्रत्येकीत झोपेची वेळ, उठण्याची वेळ आणि "वेक सोर्स" म्हणजे उठवणारा, असे तिन्ही तपशील असतात.

उठवणारे नेहमीचे तिघे. पहिला नेटवर्क कार्ड. "पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड" दिलं की मशीनला उठवायची परवानगी असलेल्या सगळ्या उपकरणांची यादी येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट या पानावर जाऊन मशीन उठवण्याच्या परवानगीची खूण काढा. दूरवरून मशीन चालू करायची गरज असेल तर खूण ठेवा, पण "फक्त मॅजिक पॅकेटने उठवावं" या अर्थाचा पर्यायही निवडा. म्हणजे नेटवर्कवरच्या कुठल्याही संदेशाने ते जागं होणार नाही. दुसरा माउस. त्याचीही खूण काढून उठवायचं काम फक्त कीबोर्डवर ठेवा. झाडताना टेबलाला धक्का लागला म्हणून मशीन उठायला नको.

तिसरा म्हणजे वेळापत्रक. "पॉवरसीएफजी /वेकटायमर्स" ने रांगेत उभे असलेले गजर दिसतात. विंडोज १० मध्ये देखभालीच्या कामाची मूळ वेळ पहाटे २ ची असते, आणि अपडेटही मशीनला उठवू शकतं. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्लीपखाली "अलाउ वेक टायमर्स" आहे, ते बंद करा. देखभाल दिवसा, आपण समोर असताना होऊ दे.

उठत नसेल तर

सगळ्यात जास्त गोंधळ आणि सगळ्यात जास्त खर्च याच तक्रारीत होतो. इथे पहिला प्रश्न असा विचारायचा: मशीन खरंच उठलं नाही, की उठलंय आणि फक्त स्क्रीन दिसत नाही?

स्क्रीन काळी असताना कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे का? लागत असेल तर मशीन जिवंत आहे. दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा, केबलचा किंवा मॉनिटरचा. मॉनिटर एकदा बंद-चालू करा. विंडोज १० असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि पुष्कळदा चित्र परत येतं. तसं झालं तर ड्रायव्हर बदलणं हाच उपाय. नव्या विंडोजसाठी जुन्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर काढणं कंपन्या काही वर्षांनी थांबवतात, त्यामुळे सगळ्यात नवा ड्रायव्हर सगळ्यात चांगला असेलच असं नाही. अपडेटनंतर बिघाड सुरू झाला असेल तर "रोल बॅक ड्रायव्हर" करून बघा. ड्रायव्हर बदलल्यावर शटडाउन नको, रीस्टार्टच करा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर जपून ठेवला जातो. रीस्टार्टमध्येच ती खरी नव्याने सुरू होते.

कॅप्स लॉकचा दिवा हललाच नाही, तर दोष खोल आहे. मशीन नव्याने चालू करून इव्हेंट व्ह्यूअर बघा. "कर्नल-पॉवर" ४२ म्हणजे मशीन झोपायला गेलं. पॉवर-ट्रबलशूटर १ म्हणजे ते नीट उठलं. कर्नल-पॉवर ४१ म्हणजे रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. माझ्या मशीनवर ४२ होता, त्यानंतर सरळ ४१, आणि मधला १ कुठेच नव्हता. म्हणजे झोपेत किंवा उठता उठता सगळं पुसलं गेलं होतं.

आता ती एस-४ ची किल्ली. स्लीपऐवजी हायबरनेट वापरून बघा. मेनूत नसेल तर "पॉवरसीएफजी /एच ऑन" देऊन, पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणाच्या सेटिंगमधून तो पर्याय दाखवायला सांगा. हायबरनेटमध्ये रॅमला वीज लागतच नाही. हायबरनेटमधून मशीन दरवेळी नीट उठत असेल आणि स्लीपमधून अडखळत असेल, तर संशय झोपेतल्या विजेवर, रॅमवर किंवा बायोसवर जातो. दोन्हींतून अडखळत असेल तर आधी ड्रायव्हरकडे वळा. माझं मशीन हायबरनेटमधून न चुकता उठत होतं.

बायोस, सेल आणि रॅम

पॅनल उघडण्याआधी बायोस बघून घ्या. जुन्या बोर्डांवर पॉवर मॅनेजमेंटखाली सस्पेंड मोड असतो. तो एस-१ वर असेल तर एस-३ करा. झोपेत पंखा चालूच राहत असेल तर ही शक्यता पहिली. कीबोर्डने उठत नसेल तर यूएसबीने उठवण्याची परवानगी तिथे आहे का ते बघा. काही जुन्या बोर्डांवर यूएसबीला झोपेत वीज द्यायची की नाही हे छोट्या जंपरने ठरतं. बोर्डाच्या पुस्तिकेत त्याची जागा दिलेली असते.

केलेली सेटिंग टिकत नसेल, मशीन चालू केल्यावर तारीख मागे जात असेल, तर बोर्डावरचा सेल संपलाय. सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलल्यावर तारीख-वेळ आणि बायोसची सेटिंग पुन्हा एकदा लावून घ्या.

मग रॅम. मशीनची पिन भिंतीतून काढा, पुढचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, लोखंडी कॅबिनेटला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, खोडरबराचा भुगा झटका आणि दोन्ही बाजूंचं "टक" ऐकू येईपर्यंत दाबून बसवा. आपल्या दमट पावसाळ्यात या पट्ट्यांवर थर धरतो आणि एवढ्याने खूप मशीन सुधारतात. दोन रॅम असतील तर एकेक ठेवून बघा. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक ही तपासणी रात्रभर लावून ठेवता येते.

बायोस अपडेट मात्र शेवटचा मार्ग. त्या आवृत्तीच्या माहितीत झोपेच्या दोषाचा उल्लेख असेल तरच, आणि मशीन चांगल्या यूपीएसवर असेल तरच करा. अपडेटच्या मध्येच लाइट गेली तर बोर्ड खरोखरच निकामी होऊ शकतो.

एसएमपीएस: जिथे माझं उत्तर सापडलं

बायोस ठीक, सेल नवा, रॅम पुसलेली, तरी बिघाड होताच. मग मी वहीत लिहायला लागले: कधी झोपवलं, काय काय जोडलेलं होतं, उठलं की नाही. थोड्याच दिवसांत एक गोष्ट उठून दिसली. ज्या दिवशी मागच्या यूएसबीत कुणाचा तरी फोन चार्जिंगला होता, त्या दिवशी मशीन हमखास अडकायचं. फोन, डोंगल, यूएसबीचा दिवा, सगळं काढून झोपवलं तर बहुतेक वेळा उठायचं.

झोपेत यूएसबीला वीज येते ती त्याच स्टँडबाय तारेतून. जुन्या एसएमपीएसमध्ये तिची क्षमता साधारण २ ते २.५ अँपिअर, आणि यूएसबी २.० चं एक पोर्ट अर्धा अँपिअरपर्यंत घेऊ शकतं. नव्या एसएमपीएसला हा भार काहीच नाही. अशक्त झालेल्याला तो पेलत नाही, व्होल्टेज खाली जातं, आणि रॅममधलं सगळं उडतं.

ही वही घेऊन मी जुन्या रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती करणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांकडे गेले. त्यांनी मशीन झोपवलं, फोन जोडला आणि जांभळ्या तारेवर मल्टिमीटर लावला. ही तार ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या मध्ये राहायला हवी. आकडा त्याच्या खाली उतरत होता. मग त्यांनी एसएमपीएस उघडून दाखवला. स्टँडबायच्या भागातल्या एका कपॅसिटरचा माथा फुगून वर आला होता, कडेला तपकिरी डाग होता. "ताई, बोर्डाला काही झालेलं नाही. हा बदला आणि बिनघोर वापरा," ते म्हणाले. नवा एसएमपीएस बसला आणि तेव्हापासून मशीन झोपतं आणि उठतं.

इथे दोन गोष्टी कळकळीने सांगते. एसएमपीएस घरी उघडू नका. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि पिन काढल्यावरही काही काळ राहतात. तो धक्का जीवघेणा ठरू शकतो. आणि भार नसताना मीटर ५ व्होल्ट दाखवतोय म्हणून एसएमपीएस निर्दोष समजू नका. भार पडल्यावर काय होतं ते महत्त्वाचं. सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस थोडे दिवस लावून बघणं. मदरबोर्डाची किंमत देण्याआधी ही परीक्षा मागून घ्या. दुकानदाराला ती अवघड नाही.

लाइट, यूपीएस आणि घरातली बटणं

मशीन निरोगी असलं तरी आपल्याकडे स्लीपला आणखी एक धोका असतो. झोपलेल्या मशीनची वीज तुटली की रॅम रिकामी होते. लाइट जाते. घरातलं कुणीतरी रात्री सवयीने सगळी बटणं बंद करतं. शिवाय काही यूपीएस बॅटरीवर असताना भार अगदी कमी दिसला तर बॅटरी वाचवायला स्वतःच बंद होतात. झोपलेल्या मशीनचा भार तेवढाच, काही वॅटचा, असतो. बॅटरी भरलेली असूनही काम जातं, ते अशा वेळी.

यावर विंडोजमध्ये विस्तापासून एक चांगली सोय आहे: हायब्रिड स्लीप. मशीन झोपताना रॅममधलं सगळं डिस्कवरही लिहून ठेवतं. वीज टिकली तर रॅममधून झटकन उठतं. वीज गेली तर डिस्कवरून सावकाश उठतं, पण फायली जिथे होत्या तिथेच सापडतात. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्लीपखाली "अलाउ हायब्रिड स्लीप" चालू करा. त्याला हायबरनेट चालू असावं लागतं. डिस्कवर जागा मोकळी होते म्हणून कुणी "पॉवरसीएफजी /एच ऑफ" करून ठेवलं असेल, तर ही सोयही त्याबरोबर गेलेली असते. विंडोज १० मध्ये त्या फाइलला रॅमच्या साधारण ४० टक्के जागा लागते. ८ जीबी रॅमला ३ जीबीच्या आसपास. डेस्कटॉपवर ती जागा द्यावी.

एवढं करूनही, मशीन झोपवण्याआधी उघडी फाइल सेव्ह करायची. पेजमेकरसारख्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तर नक्कीच, कारण आजच्या सॉफ्टवेअरसारखी स्वतःहून राखलेली प्रत त्यात मिळेलच याचा भरवसा नसतो. डोंगल लागणारं सॉफ्टवेअर असेल तर उठल्यावर डोंगल ओळखलं गेलंय याची खात्री करूनच पुढचं काम सुरू करा.

दुकानात जाताना

दुरुस्तीला जायची वेळ आलीच, तर कागदावर चार गोष्टी लिहून न्या. तीनपैकी तक्रार कोणती; ती कशानंतर सुरू झाली, म्हणजे अपडेट, नवा भाग की पावसाळा; काळ्या स्क्रीनवर कॅप्स लॉकचा दिवा हलतो का; आणि हायबरनेटमधून मशीन उठतं का. दुरुस्ती करणाऱ्या मुलांकडे दिवसाला कितीतरी मशीन येतात. अधूनमधून दिसणारा बिघाड पकडायला त्यांच्याकडे वेळ नसतो, म्हणून ती फॉरमॅटकडे वळतात. तुमच्या या चार ओळी त्यांचाही वेळ वाचवतील. फॉरमॅटला होकार देण्याआधी फायली, फॉन्ट आणि डोंगलचे ड्रायव्हर बाहेर काढून ठेवा.

सगळं करूनही स्लीप जमत नसेल, तर तिचा हट्ट सोडा. एसएसडी लावलेलं जुनं मशीनही पटकन सुरू होतं. स्क्रीन काही मिनिटांत बंद होऊ द्या आणि काम संपलं की हायबरनेट किंवा शटडाउन करा. स्लीप नसलेलं मशीन निकामी नसतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून असं मशीन इंटरनेटपासून दूर ठेवून फक्त त्याच्या जुन्या कामाला वापरणं बरं. मीही तसंच केलं आहे. नवं घ्यायचं की नाही हे खिसा आणि काम बघून ज्याने त्याने ठरवावं. पण तो निर्णय चुकीच्या निदानावर होऊ नये. ज्या मशीनवर घर चालतं, त्याची ही तपासणी कॅप्स लॉकच्या दिव्यापासून आणि एका वहीपासून सुरू होते, आणि त्याला पैसा लागत नाही.